कुट्टीचं चाक हात सोडला तरी का फिरतं?

मुलांनो, आपल्या कळंब तालुक्यात ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्या घरी कडबा आहे, आणि कडबा आहे तिथे आता बहुधा कुट्टीचे यंत्रही आहे. कुणाकडे हाताने फिरवायचे, कुणाकडे मोटारीवरचे. शाळेतून घरी गेल्यावर दप्तर ठेवते न ठेवते तोच, "जा रे, आबाला कुट्टीला हात लाव," असे तुमच्यापैकी पुष्कळांना ऐकावे लागते. म्हणून या वेळी भिंतीवर याच यंत्राची माहिती लिहिली आहे. सावकाश वाचा. घरी सांगण्यासारखे वाटेल ते घरी सांगा.

कुट्टी कशासाठी करतात ते तुम्हांला सांगायला नको. शालूचा कडबा पेंढी सोडून तसाच पुढ्यात टाकला तर म्हैस पाला ओरबाडते आणि धाट चघळून टाकून देते. उरलेले पायाखाली जाते. तेच बारीक केले की पाला आणि धाट एकजीव होते, जनावराला निवडायला वाव राहत नाही आणि तेवढ्याच गंजीत जास्त दिवस निघतात. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा साली एकेक पेंढी मोजून वापरावी लागते. पूर्वी ओंडक्यावर कडबा ठेवून कोयत्याने तोडत. त्यात हात भरून येई आणि वेळ तर विचारूच नका. तेव्हा यंत्र वाईट नाही. यंत्र कामाचेच आहे.

आता त्याची रचना पाहा. एका बाजूला पन्हळीसारखे तोंड. त्यात कडबा ठेवायचा. पुढे दोन दातेरी रोलर, एक वर, एक खाली. ते कडब्याला धरून आत ओढतात. त्यांच्या पुढे मोठे वजनदार चाक, आणि त्या चाकाच्या आऱ्यांवर बहुधा दोन पाती. चाक फिरले की पाते येते, कच्‌कन तुकडा पडतो. मग दुसरे पाते येते. रोलर आणि चाक दात्यांनी जोडलेले असल्यामुळे चाक जितके जोरात, तितका कडबाही जोरात आत जातो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाक एवढे जड कशाला केले असेल? हलके केले असते तर लोखंड वाचले असते की! याचे उत्तर कुंभाराकडे आहे. कुंभार काठीने चाकाला चार वेढे देतो आणि काठी बाजूला ठेवतो. पुढे कितीतरी वेळ चाक आपोआप फिरत राहते आणि दोन्ही हात मडक्याला मोकळे मिळतात. कुंभाराने आपल्या दंडातला जोर चाकात साठवून ठेवला, असे म्हणा. भोवऱ्याचेही तेच. जाळी सुटते, तुमचा हात दूर असतो, भोवरा मात्र फिरतच असतो. अशा जोर साठवणाऱ्या जड चाकाला फ्लायव्हील म्हणतात. इंग्लंडात जेम्स वॉट याच्या वाफेच्या इंजिनालाही असे चाक होते, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनातही ते असते.

कुट्टीत पाते धाटावर पडते तेव्हा क्षणभर फार जोर लागतो, बाकीचा वेळ जवळजवळ काहीच लागत नाही. माणसाचा हात असा झटका दर वेळी देऊ शकत नाही. चाक देते. मधल्या रिकाम्या वेळात जोर जमा करते आणि नेमक्या वेळी खर्च करते. परदेशात, जिथे थंडीत घर गरम ठेवायला ढीगभर लाकूड लागते, तिथे ओंडके फोडायचे यंत्रही याच युक्तीवर केलेले आहे. इंजिन दोन जड चाके फिरवत ठेवते. दांडी ओढली की चाकांचा सगळा जोर ओंडक्याला पाचरीवर ढकलतो आणि दोन-तीन सेकंदांत ओंडका दुभंगतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राला त्याच कामाला दहा-पंधरा सेकंद लागतात. चाकाचे यंत्र चपळ खरे, पण एकदा सुटलेला घाव मध्येच थांबवणे फार अवघड. तेलाचे यंत्र दांडी सोडली की तिथेच उभे राहते. या दोघांतला हा फरक मला तरी वेगापेक्षा मोठा वाटतो.

आता थोडे गणित करू. सातवीच्या मुलांनी फळ्यावर करून पाहावे. धरा, कुट्टीच्या चाकाचा व्यास 1 मीटर आहे आणि त्याच्या कडेचे वजन 40 किलो. हाताने ते मिनिटाला 60 फेरे, म्हणजे सेकंदाला एक फेरा फिरवले, तर त्यात साठलेला जोर 20 किलोचे ओझे एक मीटर उचलण्याएवढा होतो. मोटारीवर तेच चाक मिनिटाला 240 फेरे घेऊ लागले तर? वेग चौपट झाला, म्हणून जोरही चौपट, असे कुणी म्हणेल. तसे नाही. वेग दुप्पट झाला तर साठा चौपट होतो, आणि वेग चौपट झाला तर साठा सोळापट! म्हणजे 320 किलो, ज्वारीची तीन भरलेली पोती आणि वर थोडे, एक मीटर उचलण्याएवढा. चाकाची कड तेव्हा ताशी 45 किलोमीटरने पळत असते. येरमाळ्याच्या रस्त्याला लागलेली एस.टी. समजा. बटण बंद केले तरी हा साठा कुठे जाणार? तो संपेपर्यंत चाक फिरणारच. मोटार बंद म्हणजे यंत्र बंद, ही समजूत म्हणूनच घातकी आहे.

पुढचे गणित जास्त महत्त्वाचे. सेकंदाला 4 फेरे, पाती 2, म्हणजे सेकंदाला 8 काप. एका कापाला सुमारे 12 मिलिमीटर कडबा आत जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 सेंटिमीटर. समजा, कडब्याबरोबर बोटाचे टोक रोलरमध्ये गेले. "अगं आई!" हे मेंदूला कळून हात मागे ओढायला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात अडीच सेंटिमीटर आत गेले, म्हणजे एक पेर. आणि रोलरच्या दात्यांनी धरलेला हात असा ओढून निघतही नाही. कुणी ओरडले, दुसरा बटणाकडे धावला, दोन सेकंद गेले. तेवढ्यात 20 सेंटिमीटर. तुमचा तळहात बोटांसकट पट्टीने मोजून पाहा. 20 सेंटिमीटर भरतो का?

हाताच्या यंत्रात हाच वेग चौथाई असतो. पण तिथे वेगळी गोम आहे. चाक फिरवणारा एक आणि कडबा लावणारा दुसरा. फिरवणाऱ्याचे लक्ष मुठीकडे. "थांब की रं!" म्हणेपर्यंत आणखी अर्धा फेरा होतो, कारण चाकच त्याच्या हाताला पुढे ओढते.

दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी राजेश पटेल यांनी हरियाणातील खेड्यांत जाऊन शेतीच्या अवजारांनी होणाऱ्या इजांचा अभ्यास केला आणि 1992 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कुट्टीच्या यंत्राकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. काम करताना हात जातात हे तर खरेच. पण यंत्र रिकामे उभे असताना लहान मुले चाक फिरवून खेळतात आणि तेव्हाही बोटे जातात. सुचवलेले उपाय ऐकाल तर हसाल, इतके साधे आहेत. चाकाला अडकवायची खीळ, म्हणजे काम नसताना ते फिरूच नये. पात्यांवर आडोसा. आणि रोलरच्या अलीकडे एक साधा फिरता रूळ, म्हणजे हात पुढे सरकला की बोटांना आधी तो लागावा आणि माणूस सावध व्हावा. गावातल्या लोहाराला आणि सुताराला जमेल असे हे काम आहे. मळणी यंत्रांनी हात तुटण्याचे प्रमाण वाढल्यावर 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी कायदाही केला. पण कायदा दिल्लीत आणि यंत्र गोठ्यात, म्हणून खीळ आपणच बसवलेली बरी. तोवर चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून ती यंत्राच्या पायाला कुलपाने बांधली तरी चालते. किल्ली उंच खुंटीला.

घरी आणखी काय पाहाल? शेवटची मूठभर धाटे हाताने ढकलायची नाहीत. पुढची धाटे लावली की तीच मागच्यांना ढकलतात. पदर, ओढणी, गळ्यातला रुमाल खोचलेला हवा. यंत्रात मका अडकला तर आधी बटण, मग वायर, मग चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट, आणि मगच काठी. हात नव्हे, काठी. काही यंत्रांना रोलर उलटे फिरवायचा दांडा असतो. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला अंधारात चाचपूनही सापडले पाहिजे, कारण लाईट पुष्कळदा रात्री येते आणि कुट्टीही तेव्हाच चालते. आणि तुम्ही? तुम्ही पेंढ्या सोडाव्यात, गंजीवरून आणून द्याव्यात, कुट्टी पाटीत भरावी. ही कामे थोडी नाहीत. पन्हळीशी उभे राहणे आणि मूठ फिरवणे मोठ्यांचे. "आबा, तेवढं तुम्हीच लावा," असे म्हणायला लाजू नये.

तरीही कुणाला लागलेच तर जखमेवर हळद, चुना, राख काही घालू नका. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि हात छातीपेक्षा वर ठेवा. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. बोट तुटून पडले असेल तर ते फेकू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवून सोबत न्या. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. लवकर पोचले तर मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर ते पुन्हा जोडूही शकतात.