पाहुण्यांची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपली की पेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत हजेरी घेणं नकोसं वाटतं. नाव पुकारावं आणि मागच्या बाकावरून उत्तर यावं, ‘‘बाई, ती द्राक्षावर गेली.’’ आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून सगळं पाणी वाहून जातं. नागली-वरई घरात आली की शेतात काम उरत नाही. मग बिऱ्हाड बांधून माणसं निफाड-दिंडोरीच्या बागांकडे निघतात.

मी मात्र निफाडला गेले ती पक्षी बघायला! डिसेंबरातला रविवार, सोबत शाळेतलीच एक मैत्रीण. पहाटे चारला निघालो आणि उजाडता उजाडता नांदूरमध्यमेश्वरला पोहोचलो. गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर इथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याचं नाव जाहीर झालं.

धुकं विरलं आणि मनोऱ्यावरून पाणी दिसायला लागलं. लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं, फावड्यासारख्या चोचीचे थापट्ये, केशरी अंगाचे चक्रवाक. कुणी लडाख-तिबेटकडून आलेलं, कुणी थेट सायबेरियातून. तिकडे पाणी गोठतं, खायला मिळत नाही, म्हणून हा एवढा प्रवास. मध्येच दलदल ससाणा वरून फिरला आणि सगळा थवा एकदम उठला. अंगावर काटा आला हो! आमचा वाटाड्या सांगत होता, वनखातं दर हंगामात या पाहुण्यांची मोजदाद करतं. किती आले, कोणते आले, सगळं लिहून ठेवतात.

परतताना एका द्राक्षबागेच्या कडेला थांबलो. बायका मण्यांची विरळणी करत होत्या. तेवढ्यात हाक आली, ‘‘बाई!’’ कडेवर धाकटा भाऊ घेतलेली माझी सहावीतली मुलगी! तिला वाटलं, मी तिलाच भेटायला आले. मला खोटं बोलवेना. गळ्यातली दुर्बीण दाखवत म्हटलं, ‘‘पक्षी बघायला आले होते गं.’’

ती खूश झाली. म्हणाली, ‘‘बाई, ते काळं, कपाळ पांढरं असतंय ते बघितलं? त्याला लगेच उडताच येत नाही. आधी पाण्यावरून पळत सुटतं, मग उडतं.’’

तो वारकरी पक्षी. सकाळभर मी त्याला बघत होते. पण तो उडण्याआधी पाण्यावर धावतो, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. हिने भावाला खेळवता खेळवता ते टिपलं होतं.

‘‘इथल्या शाळेत जातेस का?’’ मी विचारलं. तिने मान हलवली. ‘‘कार्ड नाही ना बाई.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवलं की जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. ते कार्ड भरून देणं माझं काम. ही आजीजवळ राहील असं मी गृहीत धरलं आणि विचारलंच नाही. सायबेरियातून कोण आलं हे विचारत मी शंभर किलोमीटर आले होते, आणि माझ्याच वर्गातून कोण गेलं याची नीट नोंद माझ्याकडे नव्हती.

सोमवारी आधी तिचं कार्ड लिहिलं, मग आणखी चौघांची. तिथल्या शाळेतल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘धाकट्यालाही घेऊन येऊ दे, बसेल अंगणवाडीत.’’ आठवड्याने त्यांचाच फोन आला, ‘‘येते हो तुमची मुलगी. बोलकी आहे.’’

आता दसऱ्यालाच वाड्यावाड्यांवर फिरून कोण जाणार, कोण राहणार याची यादी करायची, असं ठरवलंय. मार्च उजाडला की बदकं उत्तरेकडे निघतील. द्राक्षाची तोडणी आटोपली की माझी मुलंही परततील. वर्गातल्या पक्ष्यांच्या तक्त्यावर वारकऱ्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. त्याचं चित्र आणि माहिती तिनेच लिहायची आहे.