भावी शिक्षकाची अध्यापनदृष्टी

अध्यापनविषयक भूमिका मांडताना भावी शिक्षक बहुधा उदात्त ध्येयांचा उच्चार करतो. परंतु वर्गातील मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, तेव्हा त्या भूमिकेची खरी कसोटी लागते. ‘लोणी’, ‘कोण’ या शब्दांतही ते नियमाने ‘न’च उच्चारते, अर्थात हा प्रमाद नसून त्याच्या बोलीची व्यवस्था होय. तिला ‘अशुद्ध’ ठरविल्यास मूल बोलणेच सोडून देण्याचा संभव असतो. शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले आणि बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तद्वत् शिक्षकाने प्रथम मुलाच्या बोलीत प्रवेश करावा. प्रमाणभाषा तिच्या जोडीला द्यावी, तिच्या जागी लादू नये.