मॅसॅच्युसेट्सची नववी बॅटरी

अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१–१८६५) उत्तरेची बहुतेक फौज स्वयंसेवकांची होती. प्रत्येक संस्थानानें आपापल्या पलटणी उभाराव्या आणि त्या संयुक्त सरकारच्या चाकरींत द्याव्या, अशी ती पद्धति होती. पायदळाचा शिपाई कांहीं महिन्यांत तयार होतो. गोलंदाजाचें तसें नाहीं. त्यास हिशेब, हत्यार आणि जनावर हीं तिन्ही सांभाळावीं लागतात. म्हणून स्वयंसेवकांच्या तोफखान्याची परीक्षा रणांतच व्हावयाची. अशा एका बॅटरीची हकीकत येथें देत आहों.

नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी १८६२ च्या ऑगस्टांत तीन वर्षांच्या करारानें चाकरींत दाखल झाली. पुढील जूनपर्यंत तिचे दिवस वॉशिंग्टनच्या रक्षणांत गेले. गोळी कशी ती बहुतेकांस ठाऊक नव्हती. १८६३ च्या आरंभीं कॅप्टन जॉन बिगेलो तिचा नायक झाला व त्यानें कडक कवाईत सुरू केली. तिच्या सहा तोफा नेपोलियन जातीच्या, बारा पौंडी, आंतून गुळगुळीत नळीच्या होत्या.

२ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें तिची पहिली लढाई झाली. जनरल सिकल्स यानें आपली फौज नेमलेल्या जागेपुढें पीच ऑर्चर्डकडे नेली होती, आणि सायंकाळीं ती मोडली तेव्हां मागें मोठें खिंडार पडलें. नववी बॅटरी तेथून दोरखंडानें तोफा ओढीत, थांबून मारा करीत, ट्रॉसल नांवाच्या शेतकऱ्याच्या वाडीपर्यंत मागें आली. तेथें मॅक्गिल्व्हरीचा हुकूम आला, कीं मागें दुसऱ्या तोफांची रांग उभी होईपर्यंत वाटेल तें करून जागा धरावी. पाठीशीं पायदळ नव्हतें. एकविसावी मिसिसिपी पलटण तोफांवर येऊन भिडली. छर्ऱ्यांच्या डब्यांचा मारा करूनही ती हटली नाहीं. चार तोफा शत्रूच्या हातीं पडल्या, दोन कशाबशा निघाल्या. तिच्या चार अधिकाऱ्यांपैकीं एरिक्सन ठार झाला, व्हिटेकर जखमेनें पुढें वारला आणि बिगेलो जखमी झाला. चार्ल्स रीड नांवाच्या बिगुलवाल्यानें त्यास दोन्ही फळ्यांच्या मधून घोड्यावर मागें आणलें. त्याबद्दल त्यास १८९५ सालीं मानाचें पदक मिळालें.

घोड्यांची संख्या आम्हांस विशेष बोलकी वाटते. बॅटरीच्या ८८ घोड्यांपैकीं ८० ठार अथवा जायबंदी झाले. मराठ्यांच्या जड तोफा बैल ओढीत. येथें घोडे होते, आणि ते मारले कीं तोफ जागींच अडकते, हें चढाई करणाऱ्यास पक्कें ठाऊक होतें. पुढें टिमथी ओसलिव्हान यानें वाडीसमोर पडलेल्या त्या घोड्यांचें छायाचित्र घेतलें. लढाईच्या सरकारी वृत्तांतांत जें चार ओळींत आटोपतें, तें या चित्रांत डोळ्यांस दिसतें.

आतां प्रश्न हा, कीं या बलिदानानें साधलें काय? बिगेलोनें १९१० सालीं स्वतः पुस्तक लिहून आपल्या बॅटरीचें महत्त्व मांडलें आहे. नायकाची स्वपथकाविषयींची साक्ष जपून घ्यावी लागते. मॅक्गिल्व्हरीची रांगही त्यानंतर कांहीं काळ पुरेशा पायदळावांचून उभी होती, आणि तिनें धोका स्वतः पत्करला. तथापि खिंडार खरें होतें, व तें भरावयास मिळालेला वेळ या बॅटरीनेंच दिला, इतकें मान्य करण्यास आम्हांस अडचण वाटत नाहीं.

गमावलेल्या तोफा त्याच रात्रीं परत मिळाल्या. दुसऱ्या दिवशीं लेफ्टनंट मिल्टन उरलेल्या दोन तोफा घेऊन झीगलरच्या बागेपाशीं उभा होता. घोडे व माणसें भरून घेतल्यावर बॅटरी १८६४ त विल्डर्नेस, स्पॉट्सिल्व्हेनिया व कोल्ड हार्बर येथें लढली, पीटर्सबर्गच्या वेढ्यांत महिनोन् महिने खंदकांत राहिली, आणि जून १८६५ मध्यें तिला चाकरींतून मोकळें करण्यांत आलें.