जमिनीच्या पोटांत काय आहे?

सोनें चोरीस जाईल, ठेवीचें व्याज घटेल, पण जमिनींत घातलेला पैसा बुडावयाचा नाहीं, असा आपल्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज आहे. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु खरेदीखत, सातबारा आणि पुढचा रस्ता एवढें पाहून आपण समाधान पावतों. ज्या मातीवर घर उभें राहावयाचें, ती माती मात्र कोणीच पाहत नाहीं. सातबारा जमिनीचा धनी सांगतो. तिच्या पोटांत काय आहे, हें सांगत नाहीं. म्हणून घरांतील कर्त्या मंडळींनीं एकत्र बसून विचार करावा अशा चार गोष्टी आम्ही येथें देत आहों.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपल्याकडील काळी माती झाली. कपाशीची ती माउली; घराची मात्र वैरीण. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. तें पाणी मिळतांच फुगतें व ओल आटतांच आकसतें. वैशाखांत शेताला पडणाऱ्या भेगा याच गुणाच्या. उथळ पायावरील घर पावसाळ्यांत ही माती वर उचलते आणि उन्हाळ्यांत खालीं सोडते. तेंही सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. न्हाणीचें पाणी मुरतें तो कोपरा फुगतो, मोठें झाड ओल शोषून घेतें तो कोपरा खचतो. या ओढाताणींत भिंतींना तिरप्या भेगा पडतात व दारें चौकटींत अडकूं लागतात. अशा भेगा दर वर्षीं सिमेंटानें बुजवीत बसणें म्हणजे तापलेल्या मुलाच्या कपाळाला पावडर लावण्यासारखें आहे.

या मातीची परीक्षा अवघड नाहीं. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घेऊन मापाच्या दोन कांचनळ्यांत घालतात. एकींत पाणी व दुसरींत रॉकेल ओततात. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. चोवीस तासांनंतर दोहोंतील फरक पाहिला कीं मातीचा स्वभाव कळतो. पन्नास टक्क्यांहून अधिक फुगणारी माती असेल तर सावध व्हावें. मात्र ही परीक्षा प्रयोगशाळेकडून करवावी; आणि साठेखतापूर्वीं मालकाची परवानगी घेऊन दोन-तीन ठिकाणीं खड्डे खणून मुरूम किती खोल लागतो हें पाहावें. शेजारच्या विहिरीचे थर व जुन्या घरांच्या भिंती पाहाव्या. बुजविलेला नाला, विहीर किंवा खाण असल्यास गांवांतील वृद्धांस बहुधा ठाऊक असतें. भरावावरील घर कधीं खचेल याचा नेम नसतो.

आतां खर्चाचें पाहूं. समजा, घर तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब आहे. बाहेरच्या भिंती एकशेंचाळीस फूट व मधली तीस, मिळून एकशेंसत्तर फूट पाया झाला. तीन फूट रुंदीचा चर चार फूट खोल खणला तर सुमारें २० ब्रास माती निघते. मुरूम नऊ फुटांवर लागला तर तीच ४६ ब्रास होते, आणि भराईचें बांधकामही त्याच मानानें वाढतें. घराची एक खोलीही वाढलेली नसतां अंदाजपत्रक कोसळतें तें असें! मुरूम फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेले, बुंध्याशीं कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनींत घालतात. ओल ज्या थरांत फारशी बदलत नाहीं तेथें ते घट्ट रोवले जातात. कोणता उपाय करावा हें स्थापत्य-अभियंत्यानें ठरवावें; गवंड्याच्या अनुभवावर सोडूं नये. त्याची फी भारी वाटते, पण दुरुस्तीच्या मानानें ती किरकोळच.

तयार सदनिका घेणारांस थोडें संरक्षण आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें, ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील दोष निदर्शनास आणल्यास तो विकासकानें तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यास असा कोणी जामीन नाहीं. त्याला आपली सावधगिरी हाच जामीन.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. घराच्या पैशांत एका भावाचा भविष्यनिर्वाह निधि असतो, दुसऱ्याचें कर्ज असतें, सासूबाईंचे दागिने असतात. चौथऱ्यापाशीं पैसा संपला कीं ‘ही जागा कोणीं पसंत केली?’ हा प्रश्न प्रथम निघतो, आणि भिंतीआधीं मनांस भेगा पडतात. यास्तव मातीचा अहवाल येईपर्यंत इसार देऊं नये, आणि पाया मुरुमाला टेकेपर्यंत फरशी, रंग व कपाटें यांचा पैसा बाजूस काढूं नये. पायाचा खर्च जमिनींत गडप होतो, तो पाहुण्यांस दाखवितां येत नाहीं; परंतु नातवंडें ज्या घरांत निर्धास्त निजतील तें घर त्याच खर्चावर उभें असतें.