परभणीच्या मातीतील सजीव कुंपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बागेच्या कडेने दाट लावून, नियमित छाटून, जमिनीपासून वरपर्यंत एकसंध राखलेल्या झुडपांच्या रांगेला सजीव कुंपण म्हणतात. बाभळीच्या किंवा बोरीच्या तोडलेल्या फांद्या रचून दरवर्षी नव्याने उभारावी लागणारी कुपाटी वेगळी आणि एकदा रुजले की पुढे अनेक वर्षे टिकणारे हे कुंपण वेगळे. परभणी जिल्ह्यात घराभोवतीच्या बागा वाढत असताना या कुंपणासाठी झाडांची निवड मात्र बहुतेक वेळा ऐकीव समजुतींवर होते, आणि त्या समजुती दुसऱ्या प्रदेशांतील माती व हवामानावर बेतलेल्या असल्याने दोन-तीन वर्षांत रांगेत खिंडारे पडू लागतात.

यातील पहिली समजूत हवामानाविषयीची आहे. उपोष्ण प्रदेशासाठी, म्हणजे उष्ण आणि समशीतोष्ण कटिबंधांच्या मधल्या पट्ट्यासाठी, सुचवलेली झाडे परभणीत चालतीलच असे गृहीत धरले जाते. परंतु परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरीच दक्षिणेला आहे आणि अक्षांशाच्या हिशेबाने उष्ण कटिबंधातच मोडते. असे असूनही येथे थंडी सौम्यच असते असे म्हणता येत नाही, कारण समुद्रापासूनचे अंतर, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे जमिनीतील उष्णता हिवाळ्याच्या रात्री झपाट्याने निघून जाते; डिसेंबर २०१८ च्या अखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद झाली होती. मे महिन्यात ४३-४४ अंशांचे ऊन सोसणाऱ्या झाडाला त्याच जागी अशी रात्रही काढावी लागते, आणि पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेला असल्याने उरलेले आठ महिने जवळजवळ कोरड्या हवेत काढावे लागतात. कोकणातील दमट हवेत तजेलदार दिसणारे क्रोटन येथे उन्हाळ्यात पाने भाजून उभे राहते, हा त्या झाडाचा दोष नसून निवडीचा आहे.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली आहे आणि तीच सर्वाधिक नुकसान करते: काळी जमीन सुपीक असल्याने तीत काहीही येते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील भारी काळी माती कापूस, ज्वारी आणि सोयाबीन यांना मानवते हे खरे. पण ही पिके काही महिन्यांत निघतात, तर कुंपणाच्या झुडपाला त्याच जागी वर्षानुवर्षे राहायचे असते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते, जे पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे पावसाळ्यात मुळांभोवतीची हवा संपून ती गुदमरतात आणि उन्हाळ्यात रुंद भेगा पडून बारीक मुळे तुटतात. त्यातच या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बरेचदा जास्त असून तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही, आणि मग शिरा हिरव्या राहून पानांचा उरलेला भाग पिवळा पडतो. यालाच बागाईतदार केवडा पडणे म्हणतात. किंचित आम्ल माती मागणाऱ्या एक्झोराचे कुंपण परभणीत सतत फिकट दिसते ते यामुळेच, आणि त्यावर फेरस सल्फेटची फवारणी केल्याने रंग परतला तरी तो उपाय तात्पुरताच ठरतो.

याउलट मेहंदी आणि कोयनेल ही दोन्ही झुडपे विम्ल जमीन व पाण्याची ओढ चांगली सोसतात, म्हणून परभणीच्या सपाट भागासाठी या साध्या, स्वस्त झाडांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. जिंतूर तालुक्यातील डोंगराळ, मुरमाड जमिनीत मात्र करवंद अधिक शोभते, कारण त्याला उथळ माती चालते पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. भारी जमिनीतच करवंद लावायचे असेल तर सपाटीवर न लावता उंच वरंब्यावर लावणे आवश्यक ठरते.

काटे असल्याशिवाय कुंपण राखण करत नाही, ही तिसरी समजूत अर्धसत्य आहे. जनावर रोखले जाते ते दोन कारणांनी, एकतर त्याला टोचते म्हणून किंवा त्याला चव आवडत नाही म्हणून. कोयनेल, निर्गुडी आणि अडुळसा यांना काटे नसतात, तरी कडवट किंवा उग्र पानांमुळे गुरे त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत आणि शेळीही दुसरा चारा असेल तर त्यांना टाळते. करवंद, सागरगोटा आणि चिलार यांचे काटे निश्चितच प्रभावी आहेत, परंतु चिलार आणि सागरगोटा या पसरणाऱ्या, वेलीसारख्या चढणाऱ्या वनस्पती असल्याने शेताच्या बांधाला त्या योग्य, घरापुढच्या अरुंद पट्टीला नव्हेत. बोगनवेलीचेही तसेच आहे. परभणीच्या उन्हात ती भरभरून फुलते, पण तिला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. शिवाय काटे असोत वा नसोत, बुंध्याशी हातभर मोकळी फट राहिली तर रानडुक्कर आणि कुत्रे तिथूनच आत शिरतात, आणि रोही, म्हणजे नीलगाय, साधारण छातीइतके उंच कुंपण सहज ओलांडते. राखणीचे काम काट्यांपेक्षा दाटी आणि उंचीच अधिक करतात.

ही दाटी कशी येते, याविषयीचा गैरसमज बहुतेक कुंपणांच्या मुळावर येतो. झाड आधी हव्या त्या उंचीपर्यंत वाढू द्यावे आणि मग छाटावे, असे सर्रास मानले जाते. वस्तुस्थिती अशी की फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढसंप्रेरक खाली उतरत राहते आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. वनस्पतिशास्त्रात याला शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. शेंडा खुडला की ते वर्चस्व संपून खालचे डोळे फुटतात. म्हणून रोप चांगले रुजून गुडघ्याएवढे होताच ते निम्म्यावर छाटणे आणि पुढची प्रत्येक वाढ थोडी ठेवून बाकी कापणे, हाच तळापासून दाट कुंपण मिळवण्याचा मार्ग आहे. कष्टाने वाढवलेले रोप कापायला मन धजत नाही हे समजण्यासारखे आहे, पण पहिल्या वर्षी टाळलेली ही छाटणी पुढे सहजी भरून निघत नाही. कुंपणाचा तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवला पाहिजे, कारण माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती गळून नुसते बुंधे उरतात.

याच कारणाने झपाट्याने वाढणारे झाड उत्तम, हा समजही टिकत नाही. वेगाने वाढणाऱ्या झाडाला तितकीच वारंवार कात्री लागते आणि ती न लागल्यास त्याचा वृक्ष होतो; सुबाभूळ हे त्याचे ठळक उदाहरण असून तिचे बी बागभर उगवत राहते. अलीकडे लोकप्रिय झालेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली, ती त्याच्या परागकणांचा श्वसनाला होणारा त्रास आणि जमिनीखालील वाहिन्यांत घुसणारी मुळे या कारणांनी.

गावाभोवती पूर्वीपासून दिसते ते गावरान, अशीही एक धारणा आहे. घाणेरी, वेडी बाभूळ, घायपात, मोगली एरंड, विलायती चिंच आणि फड्या निवडुंग ही सर्व मूळची अमेरिका खंडांतील झाडे आहेत. परकी असणे हा काही दोष नव्हे, कारण विलायती चिंच छाटून राखली तर चांगले कुंपण देते. प्रश्न बेफाम पसरणाऱ्यांचा आहे. कुंपणासाठीही लावला जाणारा निवडुंग दक्षिण भारतात इतका माजला की १९२६ मध्ये श्रीलंकेतून एक कोचिनील कीटक आणून त्याला आवर घालावा लागला. घाणेरीचे बी पक्षी दूरवर नेतात, आणि तिची पाने खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडून उन्हाने त्यांची कातडी सोलवटते. तिची रंगीत फुले कितीही मोहक असली तरी नव्या बागेत घाणेरी लावू नये.

जनावरे खात नाहीत ते माणसालाही निरुपद्रवी, असे मानणे तर धोक्याचे आहे. मोगली एरंडाच्या गोडसर बिया खाल्ल्याने मुलांना तीव्र उलट्या-जुलाब होतात, पिवळ्या कण्हेरीच्या बियांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात आणि शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. घरात लहान मुले असतील, शेजारी शाळा किंवा अंगणवाडी असेल, तर ही तिन्ही झाडे कुंपणातून वगळावीत. सजीव कुंपणामुळे साप येतात, ही तक्रार मात्र झाडांवर अन्याय करणारी आहे. साप येतात ते उंदीर, बेडूक आणि आडोशामागे, त्यामुळे बुंध्याशी पालापाचोळा व विटांचे ढीग साचू दिले नाहीत तर ही भीती बरीच कमी होते.

परभणीत लागवडीचा योग्य काळ जूनमधील पहिल्या दमदार पावसानंतरचा आहे. फूट-दीड फूट खोल चर खणून, काढलेल्या मातीत कुजलेले शेणखत मिसळून तो पुन्हा भरावा, आणि साधारण एक फूट अंतरावर दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरीचे रोप येईल अशी लागवड करावी. मेहंदी आणि कोयनेल छाट कलमांवर येतात, तर करवंदाचे बी फळातून काढल्यावर लवकर निर्जीव होत असल्याने ते त्याच हंगामात पेरावे लागते. पहिले दोन उन्हाळे या रोपांना पाणी द्यावेच लागते. काटक म्हणवणारी मेहंदीसुद्धा त्याला अपवाद नाही.