अडीच मिलिमीटरचं वैर

बेळगावातल्या एका छायाचित्रकाराचं घर २०२० मध्ये देशभरच्या बातम्यांत झळकलं. तीन मजली इमारत आणि दर्शनी बाजू हुबेहूब कॅमेऱ्याची: भिंगाच्या आकाराची खिडकी, फिल्मची पट्टी, फ्लॅश, मेमरी कार्ड. खर्च सत्तर लाखांच्या पुढे. पण घरापेक्षा जास्त चर्चा झाली ती मुलांच्या नावांची. तिघांची नावं कॅनन, निकॉन आणि एप्सन. तिसरं नाव प्रिंटरवाल्यांचं, ते तटस्थ म्हणून सोडून देऊ. कॅनन आणि निकॉन एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदताहेत, असं मात्र कॅमेरेवाल्यांच्या जगात सहसा घडत नाही. इथे माणूस पहिली बॉडी विकत घेतो तेव्हाच त्याचं गोत्र ठरतं, आणि पुढची वीस वर्षं तो दुसऱ्या गोत्रातल्यांना त्यांचं कुठे चुकलं ते समजावत बसतो.

या वेडाचे आकडे डोळे फिरवणारे आहेत. ते नीट मांडून बघितले की त्यांतली खोडही दिसते. अभिमानाने सांगितला जाणारा आकडा जितका अवाढव्य, तितका त्यामागचा प्रत्यक्ष फरक किरकोळ.

गोत्रच काढायचं तर मुळापासून काढू. १९३४ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागात काही जणांनी जर्मन लायकासारखा कॅमेरा जपानात बनवायचा घाट घातला. नमुन्याला नाव दिलं ‘क्वानोन’. ही बौद्धांची करुणेची देवता, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरून उभा असलेला पद्मपाणी तो हाच. कंपनीच्या पहिल्या बोधचिन्हात या देवतेला हजार हात होते. लेन्सचं नावही बुद्धाचा शिष्य महाकाश्यप याच्यावरून ठेवलं होतं. क्वानोनचं पुढे कॅनन झालं. मेख पुढेच आहे. १९३६ मध्ये विक्रीला आलेल्या हान्सा कॅनन या त्यांच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची जी लेन्स होती, तिच्यावर नाव कोरलेलं होतं निक्कोर. ती बनवली होती १९१७ साली स्थापन झालेल्या निप्पॉन कोगाकू या कंपनीने, जिला आज जग निकॉन म्हणून ओळखतं. नुसती लेन्सच नव्हे, ती बसवायचा माउंट आणि रेंजफाइंडरची यंत्रणाही त्यांचीच. हजार हातांच्या देवतेचा डोळा शेजाऱ्याकडून उसना आणलेला होता.

मग एवढं हाडवैर आलं कुठून? माझ्या मते त्याचं माप काढता येतं आणि ते अडीच मिलिमीटर भरतं. लेन्स ज्या कड्यावर बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं असतं. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला, त्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला, त्यात ४४. फरक अडीच मिलिमीटर. त्यामुळे निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीवर लावायची झाली तर मध्ये पातळशी चकती बसायला जागा मिळते. उलट करायला गेलात, तर कॅननची लेन्स सेन्सरपासून अडीच मिलिमीटर जास्त दूर राहते आणि दूरचं काही म्हणजे काही फोकस होत नाही. सह्याद्रीची रांग धूसर ती धूसरच. एवढ्याशा फटीमुळे माणूस एका कंपनीशी जन्माचा बांधला जातो. दोन-तीन लेन्स घेऊन झाल्यावर बॉडी बदलणं म्हणजे संसारच मोडणं. त्यात निकॉनची लेन्स बसवताना आणि झूम करताना फिरते एका दिशेला, कॅननची बरोबर उलट, म्हणजे मनगटांनाही सवय लागते. निक्कोर लेन्सच्या उत्पादनाने २०१६ मध्ये दहा कोटींचा आकडा ओलांडला. कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांनी २०१९ मध्ये. बांधली गेलेली मनगटं किती, याचा अंदाज त्यावरून करावा.

कॅननने १९८७ मध्ये हा नवा माउंट आणला तेव्हा आधीच्या एफडी माउंटच्या लेन्स नव्या बॉडीवर निरुपयोगी झाल्या. ज्यांनी पोटाला चिमटा काढून त्या जमवल्या होत्या, त्यांच्या शिव्याशापांची आठवण निकॉनवाले पुढची तीस वर्षं न चुकता काढत राहिले. मग २०१८ उजाडलं आणि दोघांनीही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट काढले. निकॉन झेडचं अंतर १६ मिलिमीटर, कॅनन आरएफचं २०, सोनीचं २०१० पासून १८. आता भांडण दोन-दोन मिलिमीटरवर आलं आहे, आणि त्या दोन मिलिमीटरमध्येही मावणारी चकती कोणीतरी बनवलीच. ती लावली की सोनीची लेन्स निकॉनवर चालते.

आणखी एक गोष्ट कट्टर मंडळींना सहसा सांगू नये. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतले सेन्सर तयार होतात सोनीच्या कारखान्यात. आणि सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप छापणारी यंत्रं बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या कंपन्यांत निकॉन आणि कॅनन दोघंही आहेत. ज्यांच्यावरून आपण मित्राशी अबोला धरतो, त्यांची कामं एकमेकांत अशी गुंतलेली असतात.

हेवा मोजायला सगळ्यात सोपी जागा ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. कॅननची आरएफ ५० मिलिमीटर एफ १.८ वजनाला १६० ग्रॅम आणि अमेरिकेत बाजारात आली तेव्हा किंमत २०० डॉलर. तिचीच श्रीमंत बहीण एफ १.२ भरते ९५० ग्रॅम आणि आली तेव्हा किंमत २,३०० डॉलर. वजन सहापट, किंमत साडेअकरापट. प्रकाश किती जास्त? सव्वादोन पट. म्हणजे हळदीच्या अंधाऱ्या मांडवात जिथे पहिलीला सेकंदाचा शंभरावा भाग लागेल, तिथे दुसरी सव्वादोनशेव्या भागात काम उरकेल. पार्श्वभूमी जरा अधिक मऊ होईल, कडांना रेखीवपणाही जास्त मिळेल, हे मान्य. पण नवरीच्या मामाला यातलं काहीही कळणार नाही. कळेल फक्त शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या फोटोग्राफरला, आणि लेन्स बहुतेक वेळा त्याच्यासाठीच घेतलेली असते.

इथून वर चढत गेलं की हवा विरळ होते. कॅननने १९९३ मध्ये १२०० मिलिमीटर एफ ५.६ ही लेन्स आणली. वजन साडेसोळा किलो, किंमत ९८ लाख येन, आणि ऑर्डर दिल्याशिवाय ती बनतच नसे. २०२१ मध्ये यातली एक लिलावात पाच लाख युरोला गेली, आपल्या पैशांत चार कोटींच्या वर. निकॉनची ६ मिलिमीटरची फिशआय याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिला २२० अंश दिसतं, म्हणजे सव्वापाच किलोची ही लेन्स स्वतःच्या पाठीमागचंही थोडंसं बघते आणि फोटो काढणाऱ्याला पाय आवरून उभं राहावं लागतं. लायकाने कतारच्या शेख सौद अल थानी यांच्यासाठी १६०० मिलिमीटरची एकच लेन्स बनवली. वजन साठ किलोंच्या वर आणि किंमत वीस लाख डॉलरच्या वर. आता यापुढे कोण जाणार, असं वाटत असतानाच २००६ मध्ये जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात झाइसने १७०० मिलिमीटर एफ ४ मांडली. वजन २५६ किलो. गिऱ्हाइकाचं नाव गुपित ठेवलं होतं आणि लेन्स वन्यप्राण्यांचे फोटो काढण्यासाठी आहे असं सांगितलं होतं. एवढं धूड गाडीतून उतरवेपर्यंत वाघ थांबत असेल, तर तो फोटोपेक्षा कुतूहलापोटी थांबत असावा.

मेगापिक्सेलची चुरस माझ्या मते याच्यापेक्षा जास्त फसवी. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये जोडलेला पहिला डिजिटल कॅमेरा दहा हजार पिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेत होता. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये २७ लाख पिक्सेल आले आणि वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांनी फिल्मला रामराम ठोकायला सुरुवात केली. आज सोनीच्या हौशी लोकही घेतात अशा बॉडीत ६.१ कोटी पिक्सेल असतात. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या, सुमारे तीन टनांच्या कॅमेऱ्यात ३२० कोटी. त्याचं एक चित्र पूर्ण आकारात बघायचं तर फोर-के टीव्हीचे जवळपास ३८५ पडदे जोडावे लागतील. तो कॅमेरा आकाशगंगा मोजतो, त्याला ते शोभतं.

आपण काय करतो? इन्स्टाग्रामवर टाकतो. तिथला १०८० बाय १३५० चा उभा चौकोन होतो साडेचौदा लाख पिक्सेलचा. म्हणजे ६.१ कोटींतल्या सुमारे चाळीस पिक्सेलपैकी एकच लोकांपर्यंत पोचतो. बाकीचे एकोणचाळीस लाखो रुपयांच्या बॉडीने टिपले, महागड्या कार्डावर साठवले आणि अपलोड करताना गळून पडले. त्यात निसर्गाचा स्वतःचा कर वेगळा. लेन्सचं भोक एफ १६ इतकं बारीक केलं की प्रकाशाच्या लहरी फाकतात आणि प्रत्येक बिंदूचा सुमारे २१ मायक्रॉनचा ठिपका होतो. या सेन्सरचा एक पिक्सेल पावणेचार मायक्रॉनचा. एका ठिपक्याखाली आडवे पाच-सहा पिक्सेल गुदमरतात. ही भौतिकशास्त्राची अट आहे, ती कॅनन, निकॉन आणि सोनी यांच्यात भेदभाव करत नाही.

आयएसओचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या आकड्याचं, तर हसूच येतं. ऑक्टोबर २००९ मध्ये निकॉनने डी३एस जाहीर केला, कमाल आयएसओ १,०२,४००. आठवडा व्हायच्या आत कॅननने १डी मार्क फोर जाहीर केला. कमाल आयएसओ? १,०२,४००. २०१६ मध्ये निकॉन डी५ ने तो आकडा ३२,८०,००० वर नेला. त्या आकड्यावर काढलेल्या चित्रात कणीदारपणा इतका माजतो की विषय बैल होता की बस, याचा निवाडा पंचांकडे द्यावा लागेल. पण खोक्यावर छापायला आकडा उत्तम.

वेगाच्या बाबतीत मात्र मी टोपी काढतो. सोनीचा ए९ थ्री, २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला, सेकंदाला १२० फोटो काढतो आणि एकेकटा फोटो सेकंदाच्या ८० हजाराव्या भागात गोठवू शकतो. गोलंदाजाने ताशी १५० किलोमीटरने टाकलेला बॉल तेवढ्या वेळात फक्त अर्धा मिलिमीटर सरकतो. शिवण मोजून घ्यावी. आता जुन्या ३६ फोटोंच्या रोलचा हिशेब करा. या वेगाने तो ०.३ सेकंदात संपला असता, म्हणजे गोलंदाजाच्या हातून सुटलेला बॉल फलंदाजापर्यंत पोचायच्या आधी. जुनी मोटरसायकल घेताना किलोमीटर बघतात तसा सेकंड हँड बॉडी घेताना शटर काउंट बघायची आपल्याकडे पद्धत. पट्टीच्या व्यावसायिक बॉडीचं शटर चार लाख क्लिकना तपासलेलं असतं. सेकंदाला १२० या दराने ते अख्खं आयुष्य ५६ मिनिटांत सरलं असतं. सोनीने तिथे यांत्रिक शटरच ठेवलं नाही, ते शहाणपणाचं.

लायकाचं गणित या सगळ्याच्या उफराटं. इतर कंपन्या जास्त देऊन जास्त घेतात, लायका कमी देऊन जास्त घेते. फक्त कृष्णधवल फोटो काढणारा मोनोक्रोम कॅमेरा रंगीतपेक्षा महाग. मागचा पडदाच काढून टाकलेला एम-डी, पडदा असलेल्या भावंडापेक्षा महाग. पुढचा प्रसिद्ध लाल ठिपका नसलेला एम-पी ठिपकेवाल्यापेक्षा महाग, अर्थात त्यात नीलमाची काच आणि मोठी मेमरीही मिळते, हे न सांगणं अन्यायाचं होईल. आणि जुनं असेल तर विचारूच नका. लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांनी १९२०च्या दशकात स्वतः वापरलेला झीरो सिरीजचा १०५ क्रमांकाचा लायका जून २०२२ मध्ये १.४४ कोटी युरोंना विकला गेला. तेव्हाच्या भावाने सुमारे ११८ कोटी रुपये. दोन लाखांचा एक या दराने त्यात ५,९०० चांगले कॅमेरे आले असते. मुंबईच्या दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमवलेल्या आणि गिनेस बुकात नोंदलेल्या जुन्या कॅमेऱ्यांची संख्या ४,४२५ आहे. एका लायकाच्या किमतीत तो विश्वविक्रम मोडून वर चौदाशे शिल्लक.

ही सगळी चढाओढ चालू असताना बाजाराचं काय झालं, हा या विषयातला सगळ्यात मोठा आकडा. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० मध्ये १२.१ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ७७ लाख. सोळांतले पंधरा गेले. त्याच २०२३ मध्ये स्मार्टफोन गेले ११७ कोटींच्या आसपास, म्हणजे रोजचे ३२ लाख. जगातल्या कॅमेऱ्यांची वर्षाची विक्री गाठायला फोनवाल्यांना अडीच दिवसही लागत नाहीत. कॅननवाले निकॉनवाल्यांना आणि निकॉनवाले सोनीवाल्यांना हरवत होते, तेव्हा त्यांचं मैदानच कोणीतरी उचलून नेलं. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांचा धंदा त्यातल्या त्यात तगला. २०१२ मधल्या दोन कोटींवरून तो साठ लाखांवर थांबला. खिशातले छोटे कॅमेरे मात्र दहा कोटींवरून सतरा लाखांवर आले.

आणि आता त्याच छोट्या कॅमेऱ्यांना कपाटातून बाहेर काढलं जातंय. विशीतली पोरं २००५-०६ सालचे, सहा-सात मेगापिक्सेलचे, सीसीडी सेन्सरवाले कॅमेरे जुन्या बाजारात धुंडाळतात, फोनच्या गुळगुळीत फोटोंचा त्यांना कंटाळा आला आहे. त्या चिमुकल्या यंत्रांतल्या कित्येकांची बॅटरी सहज मिळत नाही, काहींचं कार्डही बाजारातून गेलेलं. पण कॅननच्या पॉवरशॉटचे रंग चांगले की निकॉनच्या कूलपिक्सचे, यावर त्यांचं हमरीतुमरीवर येणं कधीच सुरू झालं आहे.