पुरुषाच्या गळ्यातलं रडू

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. लिंबाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला झोके बांधले जातात आणि अहिराणीत, लेवा बोलीत गाणी सुरू होतात. सासरचे दिवस, माहेरची ओढ, आईबापाची आठवण, सगळं त्या गाण्यांत सांगून होतं. त्याच दुपारी गावातले पुरुष पारावर पत्ते कुटत बसलेले असतात. मग जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या एखाद्या पोराचं प्रेम तुटलं, जमत आलेलं लग्न फिसकटलं, तर त्यानं कुठल्या झोक्यावर बसायचं आणि काय गायचं? मित्र पाठीवर थाप मारतात, "सोड ना भो, दुसरी भेटेल." पोरगं मान हलवतं आणि गप्प होतं.

या गप्प बसलेल्या माणसासाठी जपानमध्ये जवळजवळ शंभर वर्षं गाणी तयार होत आहेत. पुरुषांनी गायलेल्या प्रेमभंगाच्या गाण्यांचं तिथे एक मोठं दालनच आहे. मकोतो शिंकाई या जपानी दिग्दर्शकाच्या चित्रपटांमुळे आणि हातातल्या मोबाइलमुळे त्यातली काही आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरापोरींपर्यंत आली आहेत. पण त्यांची सुरुवात फार मागे, १९२८ च्या सुमारास झाली. मेजी विद्यापीठातला कोगा मासाओ हा मॅन्डोलिन वाजवणारा विद्यार्थी मन पार खचल्यावर उत्तर जपानातल्या आओने या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेला होता. जीव द्यावा असं त्याच्या मनात आलं. तो परतला, आणि त्या दिवसांतून 'कागे ओ शिताइते' हे गाणं जन्मलं. शब्द त्याचेच, चालही त्याचीच. १९३२ मध्ये फुजियामा इचिरोच्या आवाजात ते जपानभर पोहोचलं.

हा फुजियामा टोकियोच्या संगीत विद्यालयात पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकत होता. असली गाणी गायला बंदी म्हणून त्यानं नाव बदलून रेकॉर्ड केल्या, आणि कळल्यावर विद्यालयानं शिक्षाही केली. त्यानं केलं काय, तर मायक्रोफोनजवळ तोंड नेऊन हळू आवाजात गायला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्याआधी पुरुषाचा आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागे, आणि फेकलेल्या आवाजात हुंदका राहत नाही. आपल्याकडेही जवळजवळ त्याच वर्षांत हेच घडलं. नाट्यपदांची बुलंद फेक बाजूला ठेवून जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. देशपांडे मेहकरचे, म्हणजे खान्देशाला लागून असलेल्या बुलढाण्याचे. त्या कवितेत बोलणारी व्यक्ती स्त्री आहे आणि गाणारा गळा पुरुषाचा, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

कारण जपानी गाण्यांतही तेच दिसतं. युद्धानंतर 'एन्का' नावाचा गायनप्रकार बहरला. बंदर, पाऊस, रात्रीची गाडी, साके आणि निघून गेलेलं माणूस हे त्याचे नेहमीचे विषय. १९६६ मध्ये मोरी शिनइची हा घोगऱ्या, फाटल्यासारख्या आवाजाचा तरुण पुढे आला, आणि त्याचं पहिलंच गाणं एका बाईच्या उसाशाचं होतं. सोडून दिलेल्या बाईचं दुःख पुरुष गातो आणि ऐकणाऱ्या पुरुषांचे डोळे भरतात. स्वतःच्या नावानं रडायची लाज वाटते, म्हणून तिच्या नावानं रडायचं. ही युक्ती आपल्याला नवी नाही. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते. त्या वाटेवरच्या, आणि खान्देशातल्या कुठल्याही गावच्या भजनी मंडळात मिशीवाले शेतकरी गवळणी गातात, ज्ञानेश्वरांच्या विरहिणी गातात. पखवाज घुमतो, टाळ वाजतात आणि दिवसभर बैलांवर ओरडलेला माणूस 'ती' होऊन विठ्ठलाची वाट पाहतो. तिथे त्याला कोणी हसत नाही. पुरुषाला रडायची परवानगी आपल्याकडे देवळात होती. देवळाबाहेर मात्र ती फारशी मिळाली नाही.

न मिळाल्याचं एक उदाहरण खान्देशाच्या वेशीवरच आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला. पारो नावाच्या तिथल्या मुलीवर त्याचा जीव जडला. ती १८५६ मध्ये गेली. अजिंठा गावात तिची कबर आहे. लंडनला पाठवलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. या दोघांना शब्द मिळाले ते फार उशिरा, पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' ही दीर्घकविता लिहिली तेव्हा. २०१२ मध्ये त्यावर चित्रपट झाला, गाणीही झाली.

आता सुरांकडे वळू, कारण भाषा न कळताही ही जपानी गाणी आपल्या कानाला ओळखीची का वाटतात याचं उत्तर तिथे आहे. एन्कामध्ये 'योनानुकी' नावाची पाच स्वरांची रचना वापरतात. सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळायचा. शुद्ध स्वरांत हे केलं की सरळ भूप मिळतो. दुःखाच्या गाण्यांत तिचं दुसरं रूप येतं: सा, रे, कोमल ग, प आणि कोमल ध. पेटी पुढे ओढा आणि वाजवून बघा. यातला धैवत शुद्ध केला की झाला शिवरंजनी. 'मेरा नाम जोकर'मधलं मुकेशचं 'जाने कहाँ गए वो दिन' आणि 'मेहबूबा'मधलं किशोरकुमारचं 'मेरे नैना सावन भादों' याच शिवरंजनीतली. टोकियोच्या आणि जळगावच्या हताश प्रेमिकात अंतर आहे ते एका धैवताचं.

दुःखी गाण्यानं दुःख वाढत कसं नाही? विश्वनाथानं चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पणा'त यावर लिहून ठेवलंय: करुण रसात नुसतं दुःखच असतं, तर रसिक त्याकडे वळलेच नसते. २०१३ मध्ये जपानच्या कावाकामी आइ आणि सहकाऱ्यांनी ४४ जणांना उदास सुरावटी ऐकवून हेच तपासलं. संगीत जितकं दुःखी वाटत होतं, तितकं दुःख ऐकणाऱ्यांना स्वतःला होत नव्हतं. सोबत एक हळवी, सुखद भावनाही जागी होत होती. दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या संशोधकांनी ७७२ जणांना विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त वेळा पुढे आली ती जुन्या आठवणींची हुरहुर. मात्र एकच जखम दिवसरात्र उकरत बसणाऱ्याला अशी गाणी आणखी खोल ओढू शकतात. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात राम वाटेना, तर गाणं पुरेसं नाही. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ऐकण्यापेक्षाही गाणं जास्त हलकं करतं, असं माझं मत आहे. त्याची सोय १९७१ मध्ये कोबे शहरातल्या इनोउए दाइसुके या वादकानं केली. साथ वाजवून देणारी ११ यंत्रं त्यानं बनवली, भाड्यानं दिली आणि पेटंट घ्यायचं राहूनच गेलं. तेच कराओके. आज आपल्याकडच्या शहरांत निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, दुकानदार हातात माइक धरून तलत आणि मुकेश गातात. चाळीस वर्षांत घरी कधी न बोललेलं ते तीन मिनिटांत सर्वांसमोर गातात आणि वर टाळ्या मिळतात. जपानमध्ये तर एकट्यानंच छोट्या खोलीत जाऊन गायची पद्धत आहे. तशी एखादी खोली धुळ्यातही हवी, असं मला मनापासून वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची तर यामाझाकी मासायोशीच्या 'वन मोअर टाइम, वन मोअर चान्स'पासून करा. १९९७ चं हे गाणं शिंकाईच्या 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद'मध्ये २००७ साली पुन्हा आलं. गावभर, स्टेशनातसुद्धा तिला शोधत फिरणारा माणूस त्यात आहे. भुसावळच्या फलाटावर कुणाला निरोप दिलेल्यांना तो लगेच कळेल. मग १९९२ चं माकिहारा नोरियुकीचं 'मो कोइ नान्ते शिनाइ' ऐका. तिच्याशिवाय साधा चहा करतानाही अडखळणारा नायक त्यात भेटतो, आणि गाण्याच्या अखेरीस त्याच्या मनात पुन्हा प्रेमाला जागा झालेली असते. शेवटी युउरी या आजच्या गायकाची दोन गाणी लागोपाठ लावा. 'काकुरेन्बो'मध्ये त्याची बाजू आहे. २०२० च्या 'ड्राय फ्लॉवर'मध्ये त्याच तुटलेल्या नात्यातली तिची बाजू आहे, तीही त्याच्याच गळ्यातून, आणि २०२१ मध्ये जपानच्या बिलबोर्ड यादीत वर्षभरातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं हेच ठरलं.